कानोबाच्या पेटीतला मोबाईल

१

गुंजवाडीनं कानोबाचं व्रत आजतागायत एकदाही मोडलेलं नाही. माघी पौर्णिमेला ते धरतात आणि होळीला सोडतात. त्या महिन्यात गावात चुलीवर कढई चढत नाही, बाजेवर कुणी झोपत नाही, कुणाच्या गालाला वस्तरा लागत नाही आणि लग्नाची बोलणीसुद्धा निघत नाहीत. इतकं कडक व्रत पाथर्डी तालुक्यात दुसऱ्या गावात नाही, असं म्हातारी माणसं सांगतात, आणि ते खरं आहे. फक्त ते शिवेच्या आतच लागतं. शिवेचा दगड ओलांडला की माणूस मोकळा. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण करणाऱ्याला भजी आवडत असणार. तिसगावच्या रस्त्याला, दगडाला अगदी खेटून पलीकडं, त्या महिन्यात भज्यांची एक गाडी लागते आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून एक न्हावी बसतो. व्रत न मोडल्याचं श्रेय बरंचसं त्या दोघांचं.

यंदा ग्रामसभेनं व्रतात एका गोष्टीची भर घातली. पोरांचे मोबाईल.

त्याला कारणही तसं होतं. गुंजवाडीतली निम्मी घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. पोरांशी बोलता यावं म्हणून आईबाप जाताना एक मोबाईल ठेवून जातात. पोरं आईबापाशी दोन मिनिटं बोलतात आणि उरलेला दिवस त्याच मोबाईलवर माणसं मारतात. एकानं शाळा सोडली, एकाला झोपेत गोळीबार ऐकू यायला लागला. तेव्हा सरपंच अजिनाथ यांनी ठराव मांडला, आणि माघी पौर्णिमेला सगळ्या पोरांचे मोबाईल एका लोखंडी पेटीत घालून देवळाच्या कोठीत ठेवले गेले. पुजारी गहिनीनाथ यांनी त्यांवर धुनीची राख टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. अजिनाथांनी पेटीबरोबर फोटो काढून घेतला, अर्थात मोबाईलवर.

व्रत अर्ध्यावर आलं आणि एका सकाळी शाळेचे मुख्याध्यापक ज्ञानेश्वर सर देवळात येऊन म्हणाले की व्रत मोडलंय. पार्थ काल संध्याकाळी खेळला.

पार्थ दहावीतला. आईबाप श्रीगोंद्याकडं तोडीला, घरात एकटी आजी. गावात सगळ्यांत जास्त खेळणारा पोरगा तोच होता. सरांनी पुरावा म्हणून आपला मोबाईल काढला. पोरांवर लक्ष ठेवण्यासाठी आपण तो गेम घेतलेला आहे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. गेममध्ये पार्थच्या नावापुढं काल संध्याकाळची वेळ दिसत होती. अजिनाथांनी तिथल्या तिथं पार्थच्या बापाला, कल्याणला, फोन लावला. पोरानं पेटी फोडली, उद्या येऊन घेऊन जा, आमच्या व्रतात असलं पोरगं नको, एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. दहावीची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. ती बाब कुणी काढली नाही.

फक्त राजेश्वरीनं विचारलं की पेटी कुणी बघितली का. राजेश्वरी गावची पोलीस पाटील. लेखी परीक्षा देऊन झालेली, त्यामुळं गावातल्या पुरुषांचा अजून तिच्यावर पुरता विश्वास बसला नव्हता. आजवर तिच्याकडं बांधाची भांडणं, एक हरवलेली शेळी आणि एक हरवलेला जावई एवढीच प्रकरणं आली होती. त्यांतली शेळी सापडली होती.

पेटी उघडली. कुलूप शाबूत होतं. पार्थचा मोबाईल वरच पडला होता आणि त्यावरची राख चाळलेल्या पिठासारखी जशीच्या तशी. बोट तर सोडाच, माशी बसल्याचीही खूण नव्हती. राजेश्वरीनं राख फुंकून बटण दाबलं. मोबाईल कधीचाच मरून पडलेला.

"म्हंजे मोबाईल पेटीत हुता," गहिनीनाथ सावकाश म्हणाले, "आन् पोरगं त्याच्यावर भायेर खेळत हुतं."

सगळ्यांनी पेटीत डोकावून घेतलं. मग यानं पोराचा गुन्हा कमी होत नाही, उलट वाढतो, असं सर्वानुमते ठरलं.

२

पार्थची आजी भागूबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. तिचं डावं मनगट वाकडं जुळलेलं आहे. ओट्यावरून घसरले, असं ती सगळ्यांना सांगते. दिवाळीनंतर एकदा तिनं मोबाईल पिठाच्या डब्यात लपवला होता आणि पोरानं तिला ढकललं होतं, हे अख्ख्या आळीला माहीत आहे. आळीही ती ओट्यावरून घसरली असंच म्हणते.

भागूबाईनं राजेश्वरीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पेटीला कुलूप लागलं आणि पोरगं बिथरलं. जेवेना, झोपेना, विनाकारण गावाबाहेरच्या टेकाडापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. मोबाईल नसताना अंगठे हलवायचं. आणि मग एका संध्याकाळी त्यानं दुसरी भाकरी मागितली. ही बातमी म्हातारीनं घरोघर जाऊन सांगितली होती, नातू झाल्यासारखी.

पार्थ आतल्या खोलीत बीजगणित घेऊन बसला होता. राजेश्वरी जवळ बसली तरी त्यानं मान वर केली नाही.

"मी न्हाई खेळलो."

तिनं त्याच्या वहीत डोकावलं.

"सरांना सांगितलं मी. गेम मोबाईलमधी नसतो. आयडी आसती, ती कुटनंबी उघडती. सर म्हनले, पळवाटा सांगू नको."

ती आयडी अजून कुणाकडं आहे, असं राजेश्वरीनं विचारलं. कुणाकडंच नाही, पार्थ म्हणाला. ओम त्याचा जोडीदार होता, त्याला ती पाहिजे होती, पण दिली नाही. सहावीत असताना पार्थ आईबापाबरोबर तोडीवर गेला होता, तेव्हा बापाच्या मोबाईलवर काढलेली. पुढं स्वतःचा मोबाईल आला आणि तो त्यावर खेळायला लागला. त्याची रँक गावात सगळ्यांच्या वर. हे सांगताना त्याचा आवाज थोडा उंचावला आणि मग त्याचं त्यालाच ते जाणवलं.

राजेश्वरीनं त्याला धीर द्यायला म्हणून सांगितलं की उसाच्या फडावरची कामं काही वाईट नसतात, सगळं गाव करतं.

"ताई, मला कोयत्याचं भ्या न्हाई," पार्थ वही मिटत म्हणाला. "तिथं पाचटाच्या कोपीकोपीत मोबाईल हाय. काम झालं की सगळे त्येच खेळत्यात. हितं पेटीला कुलूप हाय म्हनून मी सुटलोय. तिथं गेलो तर परत सुटनार न्हाई."

३

पेटीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला होती, म्हणून राजेश्वरी आधी गहिनीनाथांकडं गेली. किल्ली आंघोळीलाही सोडत नाही, हे त्यांनी करगोटा दाखवून शाबीत केलं. त्यांचा स्वतःचा मोबाईल बटणांचा होता. त्यावर ते फक्त फोन घ्यायचे, आणि तोही उलटा धरून. राजेश्वरीनं त्यांचं नाव मनातून खोडलं.

राहिला ओम. ओम सरपंच अजिनाथांचा मुलगा, अकरावीत. त्याचा मोबाईल पेटीत सगळ्यांत आधी पडला होता आणि फोटोत तोच दिसत होता. राजेश्वरी मळ्यातल्या घरी पोचली तेव्हा ओम पडवीत आडवा पडून दुसऱ्या मोबाईलवर खेळत होता.

"आमचा मळा शिवेभायेर हाय," तो न उठता म्हणाला. ते खरं होतं. सरपंचांच्या घरची कढईही सध्या मळ्यातच चालू होती.

पार्थच्या आयडीवर तूच खेळतोस का, असं तिनं सरळ विचारलं. ओमला चोरीचा आळ सोसला असता. पण आपण असं खेळतो असं कुणी म्हणावं, हे त्याला सोसलं नाही.

"मी आसतो तर असला खेळलो असतो व्हय? पार्थ पयल्यांदा उडी मारतो, मंग बघतो कुटं पडलो ते. ह्यो जो कोन हाय ना, ह्यो एका घरात शिरतो आन् दार लावून बसतो. भायेर गोळ्या चालू द्या, गाव जळू द्या, ह्यो हालत न्हाई. कुनाला मारत न्हाई. शेवटाला कुनीतरी येऊन ह्येला मारतं. पर तोवर रँक सांभाळली जाती."

म्हणजे हा पार्थ नाही, हे तुला माहीत होतं, ती म्हणाली. ओमनं खांदे उडवले. त्याला कुणी विचारलं नव्हतं. रोज अंधार पडताना तो माणूस यायचा, थोडा वेळ दार लावून बसायचा आणि जायचा. गेल्या आठवड्यात मात्र एक दिवस सकाळपासून बसला होता. त्या दिवशी कंटाळून ओमनंच त्याला जोडीला घेतलं.

"आमी तिघं हुतो. मी, ह्यो, आन् सर."

"कुठले सर?"

"आपलेच की. 'ज्ञानयोद्धा' नाव हाय त्येंचं."

कोणता दिवस, असं राजेश्वरीनं विचारलं. ओमनं पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढली आणि आठवून सांगितलं. दहावीची सराव परीक्षा होती त्या दिवशी.

४

सराव परीक्षेला पर्यवेक्षक कोण होतं, हे राजेश्वरीला शाळेच्या शिपायालाही विचारावं लागलं नाही. शाळेत दहावीला एकच वर्ग आणि त्यावर सर स्वतः.

सरांनी चहा मागवला, दार लोटलं आणि प्रथम एक मुद्दा स्पष्ट केला. आपण पाथर्डीहून जाऊन-येऊन करतो, त्यामुळं गावचं व्रत आपल्याला लागू होत नाही. दुसरं असं की किशोरवयीन विद्यार्थ्यांचं मानसशास्त्र समजून घ्यायचं तर त्यांच्या विश्वात शिरावं लागतं. सर बरेच आत शिरले होते. मानसशास्त्र समजायला लागते त्याहून त्यांची रँक बरीच वर होती.

राजेश्वरीनं विचारलं की परीक्षेत पार्थ कुठं बसला होता.

"पहिल्या बाकावर. माझ्यासमोर."

"आणि गेममध्ये?"

सरांनी कपातली साय बोटानं बाजूला केली. "माझ्या शेजारच्या घरात. दार लावून."

"तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण त्या वेळी माझ्यावर मागून गोळीबार चालला होता."

मग पार्थचं नाव देवळात का घेतलं, हे तिला कळेना. सर आधी शिस्तीबद्दल बोलले, मग समाजाबद्दल बोलले. मग खाली बघत म्हणाले की काल संध्याकाळी ते जखमी होऊन त्या घरापाशी पोचले, आणि आतल्यानं कडी लावून घेतली. दार वाजवत वाजवत ते दाराबाहेर मेले. ओळखीच्या माणसानं असं करावं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. रात्रभर झोप नव्हती.

एका पोराचं वर्ष जाईल, राजेश्वरी म्हणाली. पार्थ परीक्षेला समोर बसला होता आणि आयडी दुसरीकडं चालू होती, एवढं देवळात सांगा. सरांनी नकाराची मान हलवली. तसं सांगायचं तर आपण पर्यवेक्षण करताना काय करत होतो, तेही सांगावं लागेल. त्यांची पदोन्नती वर अडकलेली होती.

ती उठली तेव्हा सरांनी मागून विचारलं, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच खरी जिज्ञासा होती.

"पाटीलबाई, पार्थ माझ्यासमोर बसला होता. मग तो आत कडी लावून बसणारा कोण?"

तिनं चप्पल पायात सरकवली. कल्याण उद्या सकाळी येणार होता.

५

उत्तर भागूबाईनं दिलं, तेही न विचारता. दिवेलागणीला राजेश्वरी तिच्याकडं गेली तेव्हा म्हातारी पार्थचे कपडे पिशवीत भरत होती. भरायची, काढायची, परत भरायची. कल्याण पोराला मारणार नाही, त्याचा हात कधी उठत नाही, असं ती स्वतःशीच म्हणत होती. गेल्या आठवड्यात तर शेजारणीच्या फोनवर किती गोड बोलला. एरवी कामाच्या दिवशी त्याला फुरसत कुठली, पण त्या दिवशी कारखान्यात काहीतरी मोडलं, गाळप थांबलं, म्हणून तोडही बंद. दिवसभर कोपीत बसून आहे म्हणाला. पार्थचा पेपर कसा गेला, तेही आठवणीनं विचारलं.

"कोणता पेपर, मावशी?"

"त्यो नव्हं का. सरावाचा."

राजेश्वरी तिथंच भिंतीला टेकली. रोज काम संपल्यावर, अंधार पडताना. आणि एकच दिवस सकाळपासून, ज्या दिवशी कारखाना बंद. आयडी निघाली होती बापाच्या मोबाईलवर. गावानं पेटीला कुलूप लावलं होतं आणि गेम तिकडं श्रीगोंद्यात उसाच्या फडावर मोकळा फिरत होता.

सकाळी ती शिवेच्या दगडापलीकडं जाऊन उभी राहिली. तिसगावहून आलेल्या वडापच्या जीपमधून कल्याण उतरला आणि गावात शिरायच्या आधी भज्यांच्या गाडीकडं वळला, जसं प्रत्येक जण वळतो. चाळिशीचा, वाळलेला माणूस. राजेश्वरीनं बाकावर बसून त्याला त्याचा मोबाईल मागितला. त्यानं तो विनातक्रार दिला. गेम पहिल्याच पानावर होता.

"पार्थच्या नावानं तुम्ही खेळता, कल्याणभाऊ."

"व्हय," तो म्हणाला. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलेलं दिसलं नाही. "आंगठ्यानं येत न्हाई. आंगठ्याला घट्टे हायेत, काचंला लागतच न्हाई. ह्या बोटानं खेळतो." त्यानं करंगळीशेजारचं बोट दाखवलं.

कशासाठी, असं तिनं विचारलं. कल्याणनं भज्याचा तुकडा मोडला.

"पोरानं आपल्या हातानं मोबाईल पेटीत टाकला. आमच्या फडावर कुनाला खरं वाटंना. मला लई बरं वाटलं, ताई. मंग टोळीतली पोरं म्हनली, म्हैनाभर न्हाई उघडला तर त्येची रँक उतरंल, दोन वर्साचं कष्ट जाईल. म्हनलं, आपन राखू. दुसऱ्याचं जनावर आपल्या दावनीला आलं तर तेची वैरन तुटू देऊ न्हाई. मला मारामारी जमत न्हाई. मी आपला दार लावून बसतो."

"आणि त्याच पोराला शाळेतनं काढून न्यायला आलात."

"सरपंच म्हनले, पेटी फोडली."

"पेटी कुणी फोडली नाही. गेममध्ये त्याचं नाव दिसलं, एवढ्यावर ठरवलं सगळ्यांनी."

कल्याणच्या हातातलं भजं पुन्हा कागदावर गेलं. त्यानं शिवेच्या दगडाकडं बघितलं.

"मी भायेर खेळलो," तो शेवटी म्हणाला. "शिवेच्या आत न्हाई. माझ्यानं व्रत न्हाई मोडलं."

"ते देवळात सांगा."

"लोक हासतील. बाप गेम खेळतो म्हनतील."

"हसतील. पोरगं परीक्षेला बसेल."

त्यानं मान डोलावली. बायको सविता रागावते, हेही त्यानं सांगितलं. पहाटे उठायला होत नाही, मुकादम शिव्या देतो. होळी झाली की सोडणार होता. हे सांगत असताना त्याचं ते बोट बाकाच्या फळीवर सारखं फिरत होतं, वर, बाजूला, पुन्हा वर. मोबाईल तेव्हा राजेश्वरीच्या हातात होता.

६

देवळात राजेश्वरी फार बोलली नाही. राख हललेली नाही, म्हणजे मोबाईल कुणी उचलला नाही. सराव परीक्षेच्या दिवशी आयडी सकाळपासून चालू होती आणि पार्थ तेव्हा वर्गात होता. तो वर्गात होता हे सांगणारा माणूस इथं बसलेला आहे. एवढं बोलून ती सरांकडं बघत थांबली. ओमही देवळाच्या पायरीवर येऊन बसला होता आणि सरांकडंच बघत होता.

सर उभे राहिले. पार्थ त्या वेळी समोर पेपर लिहीत होता, असं त्यांनी सांगितलं. आणि आयडी चालू असल्याचं आपल्याला कसं कळलं, तर आपण मोबाईलवर निरीक्षण करत होतो. निरीक्षण हा शब्द सभेला पटला. अजिनाथांनी तो दोनदा म्हणून बघितला.

मग कल्याण उठला आणि त्यानं सगळं सांगितलं, बोटासकट. लोक हसले. गहिनीनाथ सुद्धा हसले. भागूबाई हसली नाही आणि पार्थही हसला नाही. तो बापाच्या हाताकडं बघत होता.

व्रत शिवेबाहेर लागत नाही, तेव्हा व्रत मोडलेलं नाही, असा निर्णय झाला. पुढच्या वर्षी मोबाईलपुरतं व्रत शिवेबाहेरही लावावं, अशी सूचना राजेश्वरीनं केली. तिथं मोबाईल लावला तर उद्या भजीही लावाल, असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि सूचना बारगळली.

दुपारच्या वडापनं कल्याण एकटाच परत निघाला. त्याला सोडायला पार्थबरोबर राजेश्वरीही दगडापर्यंत गेली. पार्थनं बापाला विचारलं, रँक कुठवर आणली. कल्याणनं मोबाईल काढून दाखवला. होती त्यापेक्षा एक पायरी वर गेली होती. एकालाही न मारता.

"आता ठेवून द्या, आप्पा," पार्थ म्हणाला. "आईला झोपू द्या."

"म्हैना पुरा करतो. मंग तुझ्या ताब्यात."

"मला नको."

कल्याण हसला. पोरगं चेष्टा करतंय, असं त्याला वाटलं. तो वडापमध्ये बसला आणि गाडी वळणावर जायच्या आधीच त्याची मान मोबाईलवर वाकलेली दिसली. पार्थ ते बघत तिथंच उभा राहिला. राजेश्वरीनं त्याला हाक मारली, तेव्हा कुठं तो वळला.

पहिला पेपर मराठीचा होता. तिसगावच्या केंद्रावर जाताना पार्थ राजेश्वरीच्या स्कूटीवर मागं बसला होता. तुझ्या बापानं तुझी रँक चांगली राखली, ती म्हणाली. बोलायचं म्हणून.

पार्थनं मांडीवरचं दप्तर सावरलं. मग म्हणाला की राखायचं काही नसतं. ठरावीक दिवस झाले की कंपनी गेमचा सीझन संपवते आणि सगळ्यांची रँक आपोआप खाली आणते. कुणी खेळो, न खेळो. दर खेपेला असंच होतं.

हे आप्पाला सांगितलंस का, असं तिनं विचारलं. नाही म्हणाला.

तो सीझन होळीच्या आदल्या दिवशी संपला.